आश्रित जीवाचे दुखणे : दयेला वेळेचे भान हवे

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, पेलवणार नाही एवढा भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे हा त्यांचा सरळ अर्थ. आज घरोघरी बैलगाडी उरलेली नाही. परंतु नागपुरात इतवारीपासून वर्धमाननगरापर्यंत कित्येक श्रावककुटुंबांत कुत्रा घरचाच होऊन राहिला आहे. त्याला कोणी मुद्दाम दुखवीत नाही. तरीही त्याचे दुखणे पुष्कळदा उशिरा लक्षात येते, कारण कुत्रा वेदना लपवतो. जेवण निम्मे सोडणे, दाराशी स्वागताला न येणे, कोपऱ्यात जाऊन निजणे एवढीच त्याची भाषा. ती ओळखणे हा जीवदयेचा पहिला भाग होय.

गोचीडताप

नागपूरच्या उष्ण हवेत कुत्र्यांना फार छळणारा आजार म्हणजे गोचीडताप. तपकिरी गोचीड कुत्र्याच्या कानात, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटतो. त्याच्या चाव्यातून ‘एर्लिकिया’ नावाचे जंतू रक्तात शिरतात व पांढऱ्या पेशींत वाढतात. रक्त गोठविणाऱ्या प्लेटलेट्स त्यामुळे घटतात. चाव्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप, मरगळ व अन्नावरील अनिच्छा दिसते. हिरड्या फिकट पडणे, पोटाच्या त्वचेवर लाल ठिपके येणे, नाकातून रक्त येणे ही पुढची चिन्हे. गोचिडांतूनच होणाऱ्या ‘बबेसिया’च्या आजारात लघवी कॉफीसारखी गडद होऊ शकते.

या आजाराची खरी फसवणूक मधल्या काळात असते. उपचाराविनाही ताप उतरतो, कुत्रा पुन्हा खाऊ-खेळू लागतो आणि घरचे निश्चिंत होतात. जंतू मात्र शरीरात दडून राहतात. काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, आजार उलटतो व अस्थिमज्जेत नवे रक्त तयार होणेच मंदावते. मग उपचारांना यश येणे कठीण होते. म्हणून पहिल्याच तापात रक्ततपासणी करावी. पशुवैद्यक सामान्यतः सुमारे 28 दिवसांचे औषध देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी कुत्रा ताजातवाना दिसला तरी ते मध्येच सोडू नये.

येथे जैन घरात एक प्रश्न हमखास उभा राहतो : गोचिडाचे औषध लावणे ही हिंसा नव्हे काय? शास्त्रकारांनी संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे भेद सांगितले आहेत आणि गृहस्थाने संकल्पी हिंसा कटाक्षाने टाळावी असे म्हटले आहे. आश्रिताच्या रक्षणासाठी करावा लागणारा उपाय कोठे मोडतो, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या श्रद्धेनुसार व गुरुजनांना विचारून करावा. मात्र एक गोष्ट निर्विवाद आहे. गोचिडाची एक मादी भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. आज दोन गोचीड दिसत असता दुर्लक्ष केले, तर पुढे शेकडोंचा प्रश्न उभा राहतो. फटी वेळीच बुजवणे, अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्याने धुणे, फिरून आल्यावर अंगावरून बोटे फिरवून पाहणे आणि पशुवैद्यकांनी सांगितलेले प्रतिबंधक औषध नियमित देणे, यांतच सर्वांत कमी हिंसा आहे. रॉकेल किंवा फिनाइल कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नये. चाटल्याने विषबाधा होते.

वैशाखातील ऊन

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. कुत्र्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना. शरीर थंड ठेवण्याचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणे. पग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट साधत नाही. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते. ते 105 अंशांपलीकडे गेले, जीभ गडद लाल झाली, तोल जाऊ लागला, तर उष्माघात समजावा. तत्काळ सावलीत घेऊन सर्वांगावर गार पाणी ओतावे, पंखा लावावा आणि मग दवाखाना गाठावा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये. त्यात उष्णता कोंडते. दुपारी गच्चीवर साखळीने बांधलेल्या कुत्र्याच्या बाबतीत ‘बंध’ या अतिचाराचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

शाकाहारी ताट

योग्य आखणी असेल तर निरोगी प्रौढ कुत्रा शाकाहारावर राहू शकतो. पण दूध-पोळी हा संपूर्ण आहार नव्हे. पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. मूगडाळ, भात, दही, पनीर, दुधी यांच्या जोडीला कॅल्शियम व इतर पूरक घटक किती द्यावेत, हे पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी नष्ट करतात. जैन स्वयंपाकघरात हा धोका मुळातच नसतो, पण बाहेरून आणलेल्या नमकीनमध्ये तो असतो. मनुका-किसमिस मूत्रपिंडांना व चॉकलेट हृदयाला घातक ठरू शकते. तुपातली मिठाई प्रेमाने भरवल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

चौविहार पाळणाऱ्या घरी कुत्र्यालाही सूर्यास्तापूर्वी जेवू घालतात. निरोगी प्रौढ कुत्र्याला त्याने अपाय नाही. परंतु पिल्लांना दिवसातून तीन-चार वेळा अन्न लागते आणि पाण्याचे भांडे रात्रीही भरलेले असावे. मधुमेही कुत्र्याला इन्सुलिन देऊन उपाशी ठेवणे तर जिवावर बेतू शकते.

लस आणि गोदाम

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पार्वो व डिस्टेंपरच्या लसी सुरू कराव्यात आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत वेळापत्रक पूर्ण करावे. पार्वोत उलट्या व रक्ताचे जुलाब होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावू शकते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात व पुढे सल्ल्याप्रमाणे द्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय उरत नाही. म्हणून कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

धान्याच्या गोदामात राखणीला कुत्रा ठेवणाऱ्यांनी लेप्टोस्पायरोसिसची लस विसरू नये. उंदरांच्या मूत्रातून हा आजार पसरतो, पावसाळ्यात बळावतो आणि माणसालाही होतो.

नागपूरकरांना तज्ज्ञांसाठी दूर जावे लागत नाही. 1958 मध्ये स्थापन झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही याच शहरात आहे. कुत्र्याने सलग एक दिवस अन्न नाकारले, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, उलटी वा जुलाबात रक्त आढळले, श्वास जड झाला, तर दुकान वाढवून मग जाऊ असे म्हणू नये. ज्याने आपल्या दारी आश्रय घेतला, त्याच्यासाठी त्या दिवशी दुकान तासभर उशिरा उघडले तरी चालेल.