परतीच्या तिकिटाआधी दावा

सौदी अरेबियातील तबुक येथील न्यायाधीशांनी २०१० साली काही रुग्णालयांना विचारणा केली होती : आरोपीचा मज्जारज्जू शस्त्रक्रियेने निकामी करता येईल का? हल्ल्यात लुळ्या पडलेल्या तरुणाने ‘किसास’, म्हणजे जशास तशी शिक्षा मागितली होती. रियाधच्या एका नामांकित रुग्णालयाने नकार दिला, तो योग्यच होता. दुसराही अंथरुणाला खिळला म्हणून पहिल्याची सेवा कोण करणार? मज्जारज्जू निकामी झालेल्या माणसाला जन्मभर कॅथेटर, व्हीलचेअर, फिजिओथेरपी लागते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून देणारे हात लागतात. या साऱ्याला पैसा लागतो.

तो मिळवण्याची वाट आता थोडी रुंदावली आहे. डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या सौदी नागरी व्यवहार कायद्यानुसार शारीरिक इजेची भरपाई ‘दिया’च्या, म्हणजे शरियतमधील नुकसानभरपाईच्या, ठरीव दरानेच होते, मात्र बुडालेली कमाई आणि मानसिक यातना यांसाठीही दावा करता येतो. नुकसान व जबाबदार व्यक्ती कळल्यापासून मुदत तीन वर्षांची. कामावरच्या अपघातासाठी मालकाच्या हप्त्यातून सामाजिक विमा आहे. पण कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर सौदी नागरिकाला मासिक निवृत्तिवेतन आणि परदेशी मजुराला एकरकमी पैसे! दियाच्या परंपरेत तर हिंदू मजुराचे मोल मुस्लिम पुरुषाच्या तुलनेत नगण्य धरले गेले. मोडलेला कणा धर्म किंवा पासपोर्ट पाहून कमी-जास्त दुखत नाही. हा भेद अन्यायाचा आहे आणि भारत सरकारने तो सौदी सरकारपुढे स्पष्ट शब्दांत मांडला पाहिजे.

तोवर ज्यांची माणसे सौदीत कामाला आहेत, त्या रत्नागिरी-रायगडच्या घरांनी एवढे तरी जपावे. जखमी माणूस लवकर घरी यावा, ही घाई समजण्यासारखी आहे. पण त्या घाईत ‘आता काही देणे राहिले नाही’ अशा अरबी कागदावर अंगठा उठवू नये. वैद्यकीय आणि पोलीस अहवालांच्या प्रती घ्याव्यात, रियाधच्या भारतीय दूतावासाशी किंवा जेद्दाहच्या वाणिज्य दूतावासाशी बोलून विश्वासू व्यक्तीला मुखत्यारपत्र द्यावे आणि मगच विमानात बसवावे. प्रवासी भारतीय विमा योजनेत नाव असल्यास कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, तेही तपासावे.

केरळने परदेशस्थ केरळीयांसाठी १९९६ मध्येच स्वतंत्र खाते उभारले. महाराष्ट्र सरकारने निदान कोकणात तरी अरबी जाणणारा वकील आणि दाव्याचा पाठपुरावा करणारा अधिकारी नेमावा. खाटेवरच्या माणसाला रियाधच्या न्यायालयात खेटे घालता येत नाहीत.