अक्षय्य तृतीया रविवारी, कचेरी उघडणार सोमवारी : मुहूर्तावर टोकन देताय? आधी सातबारा बघा

नवी मुंबई : गेले काही दिवस फोन उघडला की एकच मेसेज दिसतोय. ‘अक्षय्य तृतीयेच्या शुभमुहूर्तावर विमानतळाजवळ स्वतःचा प्लॉट. फक्त रविवार. टोकन ५१ हजार.’ खाली मुहूर्ताची वेळ आणि एक मोबाइल नंबर. पनवेल, उरण, पेण, कर्जत, खालापूर, कुठल्याही तालुक्यातला गावचा ग्रुप काढा, हा मेसेज कोणीतरी टाकलेला असतोच.

साडेतीन मुहूर्तांवर सोनं, गाडी, घर घेणं ही आपली जुनी रीत. त्यात चुकीचं काही नाही. पण यंदा १९ एप्रिलला जे ‘टोकन’ गोळा होणार आहे, त्याकडे जरा थांबून बघायला हवं. कारण पंचांग सांगतं एक आणि जाहिरात सांगते दुसरंच.

आधी तारखेचा घोळ मिटवू

सण १९ तारखेला की २० ला, यावर ग्रुपवर वाद चालू आहेत. वाद होणारच. तिथी काही रात्री बारा वाजता बदलत नाही. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने तिथी कधी १९-२० तासांत संपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते.

यंदा वैशाख शुद्ध तृतीया रविवारी १९ एप्रिलला सकाळी पावणेअकराच्या सुमारास लागते आणि सोमवारी सकाळी साडेसातच्या आत संपते. सोमवारी सूर्योदयानंतर ती तासभरच उरते, म्हणून सण रविवारी. काही अॅप फक्त सूर्योदयाची तिथी दाखवतात, तिथे सोमवारी तृतीया दिसते. दोन्ही खरं आहे, प्रश्न वेगळा आहे.

आता गंमत बघा. रविवारी दुय्यम निबंधक कार्यालयांना साधारणपणे सुट्टी. शहरातली मोजकी कार्यालयं सुट्टीला चालू ठेवतात, काही मोठे बिल्डर नव्या फ्लॅटची नोंदणी ऑनलाइन करून देतात, पण गावाकडच्या जमिनीला कचेरीतच जावं लागतं. आणि सोमवारी कचेरीचं दार उघडेपर्यंत तृतीया संपलेली असेल. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत मुहूर्तावर खरेदीखत होणारच नाही. होणार आहे ते फक्त पैसे देणं. हातात येणार आहे ती एक पावती.

पंचांग घाई करत नाही

तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पंचांगाची पाच अंगं. लग्न, मुंज, वास्तुशांत असली की गुरुजी ही पाचही बघून वेळ काढतात. पण गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा हे तीन पूर्ण मुहूर्त आणि बलिप्रतिपदेचा अर्धा, हे साडेतीन मुहूर्त ‘स्वयंसिद्ध’ मानले जातात. म्हणजे त्या दिवशी वेगळी वेळ काढायची गरज नाही, असं आपली परंपराच सांगते.

मग ‘दुपारी १२.२० च्या आत बुकिंग करा’ हे कुठून आलं? ते विकणाऱ्याच्या टेबलावरून आलं. परंपरेने ज्या दिवशी मोकळीक दिली, त्याच दिवशी जाहिरात तुम्हाला घड्याळ दाखवते. घाईत माणूस प्रश्न कमी विचारतो, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

राहुकाळाचंही तसंच. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे आठ भाग करायचे, त्यातला एक भाग राहुकाळ. रविवारी शेवटचा आठवा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यात रविवारी साडेचार ते सहा लिहिलेलं असतं. ते गणित सूर्योदय सहाला आणि सूर्यास्त सहाला धरून केलेलं आहे. एप्रिलमध्ये आपल्याकडे सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो आणि सात वाजायच्या जरा आधी मावळतो. त्या हिशोबाने राहुकाळ साधारण पाच वीसला सुरू होऊन सूर्यास्तापर्यंत जातो. ज्याला पाळायचा आहे त्याने पाळावा, पण निदान आपल्या गावच्या सूर्याचा तरी पाळावा.

आपले जुने लोक पंचांग कसं वापरायचे?

उरण-पनवेलच्या खाडीकाठी कोळी बांधवांना तिथी पाठ असते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कधी होडी काढायची, कधी जाळं लावायचं, हे त्यावर ठरतं. इथे तिथी म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक आहे. पण तिथी चांगली आहे म्हणून वादळात कोणी होडी घालत नाही. आधी आभाळ बघतात, वारा बघतात.

शेतकऱ्याचंही तेच. यंदा १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे धोंड्याचा महिना. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी. तो फरक भरून काढायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येतो. याआधी २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. या महिन्यात लग्न नाही, गृहप्रवेश नाही. पण मृग नक्षत्र लागतं जूनच्या ७-८ तारखेला, म्हणजे यंदा नेमकं अधिक महिन्यात. आता सांगा, राब भाजून तयार आहे, पाऊस पडला, तर अधिक महिना आहे म्हणून भाताची पेरणी कोण थांबवणार? कोणी नाही. जमिनीची ओल बघून पेरणी होते.

पंचांग सोबत ठेवायचं आणि डोळे उघडे ठेवायचे, ही आपल्या लोकांची रीत. जमीन पेरताना जी अक्कल आपण वापरतो, तीच जमीन घेताना का गहाण टाकायची?

आत्ताच ही घाई का?

कारण सगळ्यांना माहीत आहे. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. भाव वर गेले. १९७० मध्ये सिडको आली तेव्हा इथल्या गावांनी जमिनी जाताना बघितल्या. आता त्याच गावांमागच्या पट्ट्यात गुंठा-गुंठा विकला जातोय. मुंबईत, ठाण्यात नोकरी करणारा मुलगा आणि गावी राहणारे आई-वडील मिळून पैसे जमवतात. कोणी दागिने गहाण ठेवतं, कोणी सोसायटीचं कर्ज काढतं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने असंच एका मुहूर्तावर दोन गुंठ्यांसाठी टोकन दिलं. पेढे वाटले, नारळ फोडला, फोटो स्टेटसला लागले. पावतीवर गट नंबर नव्हता, ‘रस्त्यालगतचा प्लॉट’ एवढंच लिहिलेलं. तीन महिन्यांनी सातबारा काढला, तर जमीन भोगवटादार वर्ग-२ ची. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही अशी. पैसे परत मागितले, तर उत्तर मिळालं, ‘टोकन परत मिळत नसतं.’ मुहूर्त चुकला नव्हता. कागद बघायचा राहिला होता.

टोकन देण्याआधी काय बघायचं?

१) सातबारा आणि फेरफार. महाभूलेखवर सातबारा मोबाइलवरच दिसतो. मालकाचं नाव, भोगवटादाराचा वर्ग आणि ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचा. कूळ, बोजा, बहिणींची नावं, कोर्टाचा मनाई हुकूम हे तिथेच सापडतं. वाचता येत नसेल तर तलाठ्याला किंवा वकिलाला दाखवा.

२) बिनशेती आणि मंजूर ले-आउट. ‘एनए होणार आहे’ आणि ‘एनए आहे’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुकडेबंदीत सरकारने सवलती दिल्या म्हणजे प्रत्येक गुंठा कायदेशीर झाला, असं समजू नका. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का, हाही प्रश्न येतो.

३) नैना. २०१३ पासून विमानतळाभोवतालच्या या क्षेत्राचं नियोजन सिडकोकडे आहे. तिथे नगररचना परियोजना लागू झाली की मूळ जमिनीच्या सुमारे ४० टक्के क्षेत्राचा अंतिम भूखंड मालकाला मिळतो आणि तो दुसऱ्या जागीही असू शकतो. मग जाहिरातवाला दाखवतोय ती जागा मूळ की अंतिम? आरक्षण आहे का? रस्ता जातो का? सिडकोत जाऊन विचारा. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट असेल तर हस्तांतराची परवानगी आणि शुल्क हेही तिथेच विचारा.

४) महारेरा नंबर. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा नवा प्रकल्प असेल तर नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. प्लॉटच्या ले-आउटलाही हे लागू आहे. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाइलने तो स्कॅन करा. कोड नाही, नंबर नाही, तर तिथूनच राम राम.

५) दहा टक्क्यांची मर्यादा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ‘आज अर्धे भरा, मुहूर्त साधा’ असं कोणी म्हणत असेल तर तो कायदा मोडतोय.

६) रोख नको. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. पैसे बँकेतूनच द्या. इसार पावतीवर गट नंबर, क्षेत्र, ठरलेली किंमत, मुदत आणि ‘कागदात दोष निघाल्यास रक्कम परत’ हे वाक्य लिहून घ्या. तयार नसेल तर समजून जा.

मग मुहूर्ताचं काय?

मुहूर्त सोडा, असं कोणी म्हणत नाही. घर घेणं ही आयुष्यातली एकदाची गोष्ट. त्या दिवशी घरचे सगळे एकत्र यावेत, देवापुढे दिवा लागावा, म्हाताऱ्या माणसांच्या मनाला बरं वाटावं, हे महत्त्वाचं आहेच. ज्यांचे कागद तपासून झालेत त्यांनी रविवारी खुशाल टोकन द्यावं, पेढे वाटावेत.

ज्यांचे झाले नाहीत त्यांनी रविवारी घरी पुरणपोळी खावी, पूर्वजांच्या नावाने पाण्याचा घडा द्यावा आणि सोमवारी कामाला लागावं. पुढचा महिनाभर कागद गोळा करा. मग धोंड्याचा महिना येतोच आहे. त्या महिन्यात व्यवहार होत नाहीत, म्हणून विकणाऱ्याकडे गर्दी नसते आणि भावही नीट बोलता येतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढायला, मोजणीचा नकाशा बघायला, शेजारच्या खातेदाराला भेटायला याहून बरी वेळ नाही. कागद तपासायला अधिक महिना आडवा येत नाही, पितृपक्षही नाही. २० ऑक्टोबरला दसरा आहे, त्यापाठोपाठ दिवाळीचा पाडवा. साडेतीन मुहूर्तांपैकी दीड अजून शिल्लक आहेत.

रविवारी कोणी फोन करून म्हणालं, ‘आज नाही घेतला तर मुहूर्त जाईल’, तर त्याला एवढंच सांगा, मुहूर्त दरवर्षी येतो. आधी गट नंबर पाठव.