पूररेषेच्या आतील हिशेब

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ च्या पुराची भिंतीवरील खूण प्रमाण मानून ज्यांनी माल त्याच्या वर रचला होता, त्यांचा अंदाज चुकला. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा पेठेत आले.

नोकरदाराचे घर भिजले तरी त्याचा पगार ठरल्या तारखेस जमा होतो. व्यापाऱ्याचे गोदाम भिजले की घरातील किराणा, मुलांची फी आणि कॅश क्रेडिटचे व्याज एकाच वेळी अडते, कारण दुकानाची आणि घराची तिजोरी बहुधा एकच असते. यास्तव किमान सहा महिन्यांचा घरखर्च धंद्यापासून अलग, मुदत ठेवीत असावा. ही ठेव कर्ज घेतलेल्या बँकेत मात्र नसावी. घरातील स्त्रिया अनेकदा त्याच कर्जाला जामीनदार असतात आणि हप्ते थकल्यास बँक त्यांच्या ठेवीवरही हक्क सांगू शकते. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदारास व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंतच आहे, हेही ध्यानी ठेवावे. दिवाळीच्या खरेदीसाठी ‘चार दिवसांपुरते’ म्हणून या ठेवीला हात घालण्याचा मोह होतो. तो कोणाला चुकलेला नाही.

खरी फसगत होते ती मालाच्या विम्यात. विम्याची रक्कम साधारणपणे ३१ मार्चच्या साठ्यावरून ठरते. पूर येतो तो आषाढ-श्रावणात, सणासुदीचा माल भरू लागलेला असतो तेव्हा. समजा, गोदामात ६० लाखांचा माल आहे, विमा ३० लाखांचा आहे आणि २० लाखांचा माल भिजला. विमा ३० लाखांचा असल्याने २० लाख पूर्ण मिळतील, अशी समजूत असते. प्रत्यक्षात विमा निम्म्याच मालाचा असल्याने भरपाईही निम्मी, म्हणजे १० लाख, धरली जाते. हंगामापुरती रक्कम वाढवून घेता येते; पण त्यासाठी नदी वाढण्याची वाट पाहू नये. शिवाय नष्ट झालेल्या मालावर घेतलेले जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावे लागते. तो बोजा वेगळाच.

कर्जासोबत बँकेने उतरवलेली पॉलिसी तर पुष्कळ व्यापाऱ्यांनी कधी उघडूनही पाहिलेली नसते. तीत कोणत्या गोदामाचा पत्ता आहे, हे आजच वाचावे. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्या गोदामाचा उल्लेख नसेल, तर तेथील मालाचा दावा अडकतो. पाणी ओसरल्यावर भिजलेली पोती घाईने फेकूनही देऊ नयेत. विमा कंपनीस तत्काळ कळवावे, छायाचित्रे काढावीत आणि सर्वेक्षकाची पाहणी होऊ द्यावी.

दागिने लॉकरमध्ये असल्याने अनेक घरे निश्चिंत असतात. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंत असते. पूर आणि भूकंप या नैसर्गिक आपत्तींत, बँकेचा हलगर्जीपणा नसल्यास, तेवढीही नाही. त्यामुळे लॉकर तळमजल्यावर आहे की वर, हे भाडे भरण्यापूर्वी विचारण्यात संकोच कसला? दागिन्यांचा विमा घरविम्यासोबत वेगळा घेता येतो.

वीज गेली की एटीएम आणि मोबाईल दोन्ही निरुपयोगी होतात. म्हणून आठवडाभर पुरेल इतकी रोकड घरात असावी, तीही १०० आणि ५० च्या नोटांत. बुडत्या पेठेत ५०० ची मोड कोण देणार?

राहिली उधारीची वही. भिजलेल्या मालाचे पैसे विम्यातून येऊ शकतात, भिजलेल्या वहीतील येण्यांचे येत नाहीत. संगणकावरील हिशेबाची प्रत दर आठवड्यास पूररेषेबाहेरच्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी पोहोचलेली असावी. ती उघडण्याचा पासवर्ड घरातील आणखी एकास तरी ठाऊक असावा.