मापे ठरविणाऱ्यांची निवड आणि आपण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिला अध्याय आपल्यापैकी बहुतेकांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेला आहे. रोग हे तप, अध्ययन आणि आयुष्य यांच्या आड येऊ लागले, तेव्हा हिमालयाच्या परिसरात ऋषी एकत्र जमले. इंद्राकडे कोणी जावे, असा प्रश्न सभेपुढे आला. या कामी माझी नियुक्ती व्हावी, असे भरद्वाजांनी आपणहून सांगितले व सभेने ती केली. ते गेले, शिकले, आणि परत येऊन त्यांनी ते ज्ञान काहीही हातचे न राखता ऋषींना दिले. परीक्षेसाठी हा भाग पाठ करताना आमचे सारे लक्ष त्रिसूत्र आयुर्वेदाकडे होते. आता तो पुन्हा वाचताना त्या सभेची रीत अधिक मनात राहते. जो जाण्यास तयार होता त्याने तसे सर्वांसमक्ष सांगितले, सभेने त्याला नेमले, आणि नेमलेला मनुष्य सभेकडे परत आला.

हे आठवण्याचे निमित्त थोडे दूरचे आहे. मेटाबोलॉमिक्स या विषयाला वाहिलेली एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, आणि तिचे संचालक सभासदांच्या मतांनी निवडले जातात. त्या निवडणुकीशी गावातल्या चिकित्सालयाचा किंवा आपल्या फार्मसीतील खलबत्त्याचा काय संबंध, असे वाचकांस वाटणे स्वाभाविक आहे. आमच्या मते संबंध आहे, आणि तो दिवसेंदिवस वाढणार आहे.

प्रथम विषयाची तोंडओळख करून घेऊ. शरीरात अथवा वनस्पतीत चयापचयातून जी असंख्य लहान रेणूंची द्रव्ये निर्माण होतात, त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. शर्करा, आम्ले, अल्कलॉइड, फ्लॅव्होनॉइड, स्टिरॉइड ही सारी त्यात आली. ही द्रव्ये एकेक करून न मोजता एकाच वेळी, समग्रपणे मोजण्याचे शास्त्र म्हणजे मेटाबोलॉमिक्स. मेटाबोलोम हा शब्द १९९८ साली वापरात आला. १९९९ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील जेरेमी निकोल्सन यांच्या गटाने मेटाबोनॉमिक्स हा जवळचाच शब्द पुढे आणला. काही काळ दोन्ही नावे बरोबरीने चालली. एनएमआर आणि मास स्पेक्ट्रोमेट्री ही या शास्त्राची मुख्य साधने. आपल्या फार्मसीचालकांना परिचित असलेली एचपीटीएलसी ही त्यांची धाकटी आप्त म्हणता येईल. मूत्राचे वर्ण, गंध, रस पाहून प्रमेहाचे वीस प्रकार सांगणाऱ्या आणि मूत्राकडे धावणाऱ्या मुंग्यांची दखल घेणाऱ्या परंपरेला ही दृष्टी परकी वाटण्याचे कारण नाही.

मेटाबोलॉमिक्स सोसायटी ही संस्था २००४ साली स्थापन झाली. अमेरिकेतील संशोधिका रीमा कद्दुराह-दाऊक या तिच्या संस्थापक अध्यक्षा. पुढच्याच वर्षी, २००५ मध्ये, संस्थेचे मुखपत्र निघू लागले आणि जपानमधील त्सुरुओका येथे पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे काम झाले ते २००७ साली. संस्थेच्या पुढाकाराने नेमलेल्या कार्यगटांनी या शास्त्रातील निष्कर्ष कसे नोंदवावेत याची किमान मानके प्रसिद्ध केली. त्यांत द्रव्याची ओळख पटण्याच्या चार पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिल्या पायरीवर बसण्यासाठी त्या द्रव्याचा अस्सल शुद्ध नमुना हाती हवा, आणि त्याच प्रयोगशाळेत, त्याच स्थितीत, परस्परांपासून स्वतंत्र अशा किमान दोन गुणधर्मांनी त्याच्याशी जुळणी व्हायला हवी. दुसऱ्या पायरीवर ओळख केवळ संभाव्य, तिसरीवर फक्त वर्गाची ओळख, आणि चौथीवर ‘अज्ञात’.

नियम रास्त आहे, त्यात कोणावर अन्याय करण्याचा हेतू नाही. तरी त्याचा आपल्यावर होणारा परिणाम पाहावा. ज्या वनस्पतींचे घटक शुद्ध स्वरूपात बाजारात सहज मिळतात, त्यांची ओळख पहिल्या पायरीवर लागते. आपल्या अनेक वनस्पतींच्या घटकांचे असे नमुने दुर्मिळ आणि महाग आहेत. परिणामी त्यांच्या आलेखावरील शिखरे ‘संभाव्य’ आणि ‘अज्ञात’ याच रकान्यांत पडून राहतात. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१८ साली भारतीय औषधी वनस्पतींचा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्यात १,७४२ वनस्पतींमधील घटकांची नोंद होती. काम मोलाचे आहे, परंतु ग्रंथ आणि शोधनिबंधांतून जमविलेली यादी व प्रयोगशाळेच्या कपाटातील नमुना यांत अंतर राहतेच.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल सेवन केलेल्या काही रुग्णांतील यकृतविकाराचा अहवाल प्रसिद्ध केला, तेव्हा काय घडले ते आपण पाहिले आहे. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की, सेवन केलेली वनस्पती टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच होती की तिच्यासारखी दिसणारी टिनोस्पोरा क्रिस्पा, हेच नीट तपासलेले नाही. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांचा अहवाल मांडला आणि वाद पुढे चालू राहिला. त्या वादात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. नमुन्यात नेमके काय होते, या एका प्रश्नावर साऱ्या चिकित्सकवर्गाची पत अवलंबून होती, आणि त्याचे उत्तर देणारी मापे ठरविताना आपल्यापैकी कोणी तेथे बसलेले नव्हते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. अशोकाच्या नावाखाली आसुपालवाची साल विकत घेऊन बसलेल्या फार्मसीचालकास याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता निवडणुकीकडे वळू. या संस्थेत संचालकपदाची मुदत दोन वर्षांची असते. उमेदवार आपला अल्प परिचय आणि आपण काय करू इच्छितो याचे लेखी निवेदन देतात. जगभरचे सभासद ते वाचतात आणि जागेवरूनच मत नोंदवितात. नव्या पिढीच्या संशोधकांसाठी संस्थेत स्वतंत्र जाळे उभारले आहे व त्याचा कारभार तेच पाहतात. भाषण नाही, भोजन नाही, ‘अमुक गटाचे पॅनेल’ नाही. विरुद्ध बाजूस उभा राहणारा शत्रू मानला जात नाही, कारण मताने पडलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी त्याच कार्यगटात काम करावयास बसतो.

या पद्धतीत उणीव नाही असे मात्र नव्हे. एक सभासद, एक मत हे तत्त्व निर्दोष. पण सभासद कोठे आहेत, हे पाहिल्यावाचून त्याचे फळ कळत नाही. परिषदांच्या स्थळांची यादी वाचली तरी अंदाज येतो. त्सुरुओकानंतर बॉस्टन, मँचेस्टर, एडमंटन, ॲमस्टरडॅम, केर्न्स, ग्लासगो, डब्लिन, ब्रिस्बेन, सिॲटल, हेग, व्हॅलेन्सिया, ओसाका, आणि २०२५ साली प्राग. वीस वर्षांत भारताचे नाव त्यात आलेले नाही. मत देणारा स्वाभाविकपणे ओळखीच्या नावाला मत देतो, आणि ओळख होते ती परिषदेत, मुखपत्रात, मोठ्या प्रयोगशाळेत. ज्या देशाचे सभासद थोडे, त्याचा उमेदवार कितीही योग्य असला तरी त्याचे निवेदन वाचणाऱ्यांपैकी त्याला ओळखणारे थोडेच असणार.

यावर काहीजण प्रादेशिक राखीव जागांचा उपाय सुचवितात. तो सर्वस्वी त्याज्य आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि राखीव खुर्चीवर बसलेल्या एकट्या मनुष्यामागे मतदारच नसतील, तर त्याच्या शब्दाला वजन येणार कोठून? आपण सभासद नाही, वर्गणी भरत नाही, मत देत नाही, आणि मग आपल्या वनस्पतींना न्याय मिळत नाही म्हणून आपल्याच सभांतून खंत व्यक्त करतो. ही तक्रार अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्याचे उत्तर आपणच द्यावयाचे आहे. काढा चतुर्थांश उरविला की अष्टमांश, चूर्णास भावना किती दिल्या, वनस्पती कोणत्या ऋतूत काढली, या गोष्टी नोंदीत आल्या पाहिजेत हा आग्रह आपल्याशिवाय दुसरा कोण धरणार?

येथे आमच्या घरातील गोष्ट सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका शाखेच्या वार्षिक सभेस आम्ही उपस्थित होतो. मावळत्या अध्यक्षांनी खिशातून कागद काढला, सात नावे वाचली, आणि निवड बिनविरोध झाल्याचे जाहीर केले. मागच्या रांगेतून एक तरुण वैद्या उठली. निवडलेल्या सर्वांनी पुढील तीन वर्षांत काय करावयाचे ठरविले आहे ते दोन-दोन मिनिटांत सांगावे, एवढीच तिची विनंती होती. “ताई, आपल्यात राजकारण नको,” असे उत्तर व्यासपीठावरून आले, हशा झाला आणि चहा आला. आम्ही त्या हशात सामील नव्हतो, पण त्याआधीच्या टाळ्यांत होतो. ती वैद्या पुढे सभांना दिसली नाही. बिनविरोध या शब्दाचा आपल्याकडे जो गौरव होतो, त्याविषयी आमच्या मनात तेव्हापासून शंका आहे. एकमत विचारान्ती झाले असेल तर ते भूषणच आहे. विचारण्याची सोयच नसल्यामुळे झालेले एकमत ही निराळी वस्तू आहे.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात संभाषेपूर्वी परिषदेची परीक्षा करण्यास सांगितले आहे. परिषद ज्ञानवती आहे की मूढ, सुहृद आहे, उदासीन आहे की प्रतिनिविष्ट, हे पाहावे असा तो उपदेश. आमच्या संघटनांची परिषद बहुधा सुहृद असते, पण निवडणुकीपुरती ती उदासीन होते. आणि हे परवडण्याचा काळ आता राहिलेला नाही. १९७० च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या केंद्रीय परिषदेत राज्यांतील नोंदणीकृत वैद्यांनी निवडून दिलेले सदस्य बसत असत. त्या निवडणुकांचे दोषही आपण जाणतो. २०२० च्या कायद्याने त्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आला. त्याच्या अध्यक्षांची नियुक्ती केंद्र सरकार करते. अशा वेळी स्वेच्छेने चालविलेल्या संघटनेतील मत हे सामान्य वैद्याच्या हातात उरलेल्या थोड्या साधनांपैकी एक आहे. ते टाळ्यांवर खर्च करू नये.

केवळ टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून चार सूचना विचारार्थ मांडतो.

पहिली, आपल्या संघटनेच्या प्रत्येक उमेदवाराने एक पानाचे लेखी मनोगत द्यावे आणि ते निवडणुकीपूर्वीच्या अंकात छापावे. उमेदवार जागांइतकेच असले तरी मनोगत द्यावेच.

दुसरी, या मनोगतात उमेदवाराने आपला व्यवसाय स्पष्ट लिहावा. फार्मसीचालकाने पद घेऊ नये असे मुळीच नाही. त्यांच्या अनुभवाविना कच्च्या द्रव्यांविषयीचा कोणताही निर्णय अपुरा राहील. मात्र द्रव्यपरीक्षणाचा ठराव मांडणाऱ्याचा त्यात कोणता व्यवहार गुंतला आहे, हे सभासदांना ठाऊक असावे.

तिसरी, एका पदावर सलग दोन मुदतींहून अधिक कोणी राहू नये, आणि पस्तिशीच्या आतील वैद्यांसाठी कार्यकारिणीत किमान एक जागा त्यांच्याच मतांनी भरावी. ती तरुण वैद्या कदाचित त्यामुळे परत येईल.

चौथी आणि खर्चाची. संघटनेने दरवर्षी द्रव्यगुण व रसशास्त्र या विषयांतील दोन-तीन अभ्यासू अध्यापकांची अशा आंतरराष्ट्रीय संस्थेची वर्गणी भरावी. त्यांनी तेथे मत द्यावे, कार्यगटांत बसावे, आणि काही वर्षांनी त्यांच्यापैकी कोणी उमेदवारही व्हावे. त्यांच्यावर अट एकच: वर्षातून एकदा या त्रैमासिकात त्यांनी तेथील कामकाजाचा वृत्तान्त लिहावा. वार्षिक स्नेहभोजनातील एक पक्वान्न कमी केले तरी हा खर्च भागेल, असा आमचा हिशेब आहे.

भरद्वाजांना पाठविताना ऋषींनी त्यांच्या परतीची अपेक्षा ठेवली होती, आणि ते परतले म्हणून आयुर्वेद आपल्यापर्यंत पोहोचला. येत्या सर्वसाधारण सभेपुढे वरील सूचना ठरावरूपाने मांडण्याचा आमचा मानस आहे. ज्या वैद्यबंधुभगिनींना व फार्मसीचालकांना त्या मान्य असतील त्यांनी, आणि ज्यांना अमान्य असतील त्यांनी तर अगत्याने, आपले मत संपादकांकडे लेखी कळवावे. ठराव मताला टाकला जावा, एवढाच आमचा आग्रह आहे. तो पडला तरी आमची तक्रार असणार नाही.