शिक्षकांना टॅब दिले, आता थोडा वेळ देऊ

आपल्या शैक्षणिक जलशांचा क्रम ठरलेला आहे. 'इक्रा' या शब्दानं भाषण सुरू होतं, मध्ये समाजाच्या मागासलेपणावर हळहळ व्यक्त होते आणि शेवटी गुणगौरव, वह्यावाटप किंवा अलीकडच्या काळात टॅबवाटप होतं. फोटो निघतात, पाहुणे जातात. त्या टॅबचं पुढे काय झालं, हे विचारायला सहा महिन्यांनी शाळेत कोणी जात नाही. मी काही शाळांत विचारलं. बहुतेक ठिकाणी टॅब कपाटात होते आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे होती. यात मुख्याध्यापकांना हसण्यासारखं काही नाही. शाळेला मिळालेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. ती फुटली किंवा हरवली तर जाब त्यांनाच द्यावा लागतो. मुलांच्या हाती देण्यापेक्षा ती कुलपात ठेवणं त्यांना जास्त सुरक्षित वाटतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझं पोट तंत्रज्ञानावर चालतं, तेव्हा तंत्रज्ञानाच्या विरोधात बोलण्याचं मला काही कारण नाही. पण गेली काही वर्षं शनिवारी सकाळी महापालिकेच्या एका उर्दू शाळेत जातो आहे आणि माझं मत आता पक्कं झालं आहे. आपल्या वस्तीतल्या शाळांना आणखी एका यंत्रापेक्षा, शिक्षकांच्या शेजारी बसून त्यांची रोजची अडचण समजून घेणाऱ्या माणसाची गरज जास्त आहे. तो माणूस हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कोणीही असू शकतो.

नुसतं यंत्र देऊन काय होतं, याचा सर्वांत मोठा प्रयोग पेरू या देशात झाला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या योजनेखाली तिथल्या सरकारनं लाखो लॅपटॉप शाळांत पाठवले. ग्रामीण शाळांतल्या मुलांची रीतसर तपासणी करून इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. मुलं संगणक जास्त वापरू लागली होती, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडलेला नव्हता. बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या केंतारो तोयामा यांनी यामागचं कारण फार सोप्या शब्दांत सांगितलं आहे. त्यांच्या मते तंत्रज्ञान म्हणजे ध्वनिवर्धक. जे आधीपासून आहे, ते तंत्रज्ञानामुळे वाढतं. शाळेत शिकवण्याची घडी बसलेली असेल तर ती आणखी चांगली होते. गोंधळ असेल तर गोंधळ वाढतो.

उलट बाजूचा पुरावाही आपल्याच देशात आहे. दिल्लीत 'माइंडस्पार्क' नावाच्या सॉफ्टवेअरचा वापर करणाऱ्या केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर मुलं तिथे येत. अवघ्या साडेचार महिन्यांत त्यांची गणितात आणि हिंदीत ठळक प्रगती झाली. त्या सॉफ्टवेअरमध्ये जादू नव्हती. सातवीतल्या मुलाला तिसरीचं गणित येत नसेल तर ते त्याला तिसरीपासून सुरू करून देत होतं. शिवाय प्रत्येक दिवसाचा अर्धा वेळ संगणकासमोर आणि अर्धा वेळ शिकवणाऱ्या माणसासोबत छोट्या गटात जायचा. मूल नेमकं कुठे अडलं आहे हे ओळखायचं आणि तिथून हात धरून पुढे न्यायचं, हे कोणत्याही चांगल्या शिक्षिकेला माहीत असतं. तिला हवा असतो तो वेळ.

तो वेळ जातो कुठे? 'सरल'वर विद्यार्थ्यांची माहिती भरा, 'यू-डायस'ची माहिती भरा, पोषण आहाराचे आकडे पाठवा, नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नाही म्हणून पालकांना पुन्हा बोलवा. आपल्या मुलांची नावं तर या कामाची परीक्षाच घेतात. एकाच मुलीचं नाव जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि शाळेच्या जनरल रजिस्टरला तिसरं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बिगरशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येत नाही. पण फॉर्म भरणं हे 'शैक्षणिक' काम समजलं जातं आणि शाळेच्या तासांतच उरकावं लागतं.

म्हणून शिक्षकांना तंत्रज्ञान नको असतं, त्या 'जुन्या वळणाच्या' असतात, हा आपला समज मला अन्यायाचा वाटतो. तंत्रज्ञान त्यांच्यापर्यंत नेहमी वरून, हुकूम म्हणून आलेलं असतं आणि दर वेळी त्यानं त्यांचं काम वाढवलेलं असतं. जिथे शिक्षकानं स्वतःची अडचण सोडवण्यासाठी ते हाती घेतलं, तिथे चित्र वेगळं दिसतं. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांच्यासमोर कन्नड बोलणारी मुलं होती आणि पुस्तकं त्यांच्या भाषेत नव्हती. त्यांनी पुस्तकं मुलांच्या भाषेत आणली, क्यूआर कोड लावून कविता आणि पाठ ऐकण्या-पाहण्याची सोय केली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बातम्यांत क्यूआर कोड गाजला. माझ्या मते खरी गोष्ट भाषेची होती.

आपल्याकडचा प्रश्नही भाषेचाच आहे. बालभारती उर्दूतही पुस्तकं काढते आणि ती पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. २०१७ पासून 'दीक्षा' आहे, पुस्तकांवर क्यूआर कोड आहेत. तरी उर्दू शाळेतल्या बाईंना प्रश्नपत्रिका तयार करायची असते तेव्हा खरी अडचण सुरू होते. वर्षानुवर्षांचं साहित्य 'इनपेज'मध्ये टाइप केलेलं असतं. त्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की नुसती चिन्हं उमटतात. कोणी फोनवर अरबी कीबोर्ड वापरून लिहिलेलं असतं. अरबीतली 'ये' आणि उर्दूतली 'छोटी ये' डोळ्यांना सारखी दिसते, पण संगणकासाठी ती दोन वेगळी अक्षरं आहेत. मग फाइलमध्ये समोर दिसणारा शब्द शोधूनही सापडत नाही. बाई म्हणतात, 'कॉम्प्युटर खराब आहे.' कॉम्प्युटर ठीक असतो. हे समजावून सांगणारा आणि जुन्या फायली एकदाच बदलून देणारा माणूस तिथे नसतो. आपल्यातल्या कुणालाही हे काम दोन शनिवारांचं आहे. बाईंचे मात्र पुढच्या अनेक वर्षांचे तास वाचतात.

दुसरी अडचण मराठीची. उर्दू माध्यमातून दहावी झालेली, हुशार, मेहनती मुलं तहसील कचेरीत साधा अर्ज लिहिताना अडखळतात, हे आपण सगळे पाहतो. मुंबई, मालेगाव किंवा भिवंडीच्या मोहल्ल्यात त्यांच्या कानावर मराठी फारशी पडत नाही. महाराष्ट्रात राहून मराठीपासून लांब राहणं म्हणजे नोकरी, न्यायालय, पोलीस ठाणं, ग्रामसभा या सगळ्यांपासून लांब राहणं. इथे अगदी साधं तंत्रज्ञान पुरतं. 'स्टोरीविव्हर'वर खुल्या परवान्याच्या हजारो बालकथा आहेत, उर्दूतही आणि मराठीतही. दोन्ही भाषांत असलेली एक गोष्ट निवडायची, छापायची आणि पानं समोरासमोर ठेवायची. मुलांना उर्दूतून गोष्ट आधीच कळलेली असते, त्यामुळे मराठी वाचताना भीती राहत नाही. आमच्या शाळेतल्या चौथीच्या बाई त्याच गोष्टीचा एक मिनिटाचा मराठी परिच्छेद स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पालकांच्या ग्रुपवर टाकतात. तेही संध्याकाळी उशिरा, कारण घरातला एकुलता एक फोन वडिलांसोबत कामावर गेलेला असतो. ही वेळ कुठल्याही ॲपला सुचली नसती; ती बाईंना माहीत होती.

त्याच बाईंसोबत आम्ही एक तक्ता केला. उभ्या रांगेत मुलांची नावं, आडव्या रांगेत टप्पे: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, तेही उर्दूत आणि मराठीत वेगवेगळे, मग हातच्याची बेरीज, हातच्याची वजाबाकी. बाई महिन्यातून एकदा कागदावर खुणा करतात, मी त्या एक्सेलमध्ये चढवतो आणि कोणत्या मुलांना कोणत्या गटात बसवायचं ते छापून देतो. यात कसली कृत्रिम बुद्धिमत्ता नाही. पण बाईंना जे मनात ठाऊक होतं, ते कागदावर आलं. शेवटच्या बाकावरच्या, गप्प बसणाऱ्या दोन मुली परिच्छेदाऐवजी शब्दावरच अडल्या आहेत, हे त्या कागदामुळे नजरेतून सुटलं नाही. आठवीनंतर शाळा सोडणाऱ्या मुली अशाच मागच्या बाकांवरून जातात. त्या गेल्यावर आपण चर्चासत्र घेतो. त्या चौथीत असताना तक्ता घेणं जास्त उपयोगाचं आहे.

काही पथ्यंही पाळायला हवीत. पहिलं, मुलांची माहिती. नाव, पत्ता, आधार क्रमांक, फोटो, धर्म, गुण हे सगळं कुठल्याही मोफत ॲपच्या स्वाधीन करायचं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. आपला तक्ता शाळेच्याच संगणकावर राहावा, आणि आपल्या 'समाजकार्या'च्या स्टेटसवर मुलींचे चेहरे नसावेत. दुसरं, चॅटजीपीटीसारख्या साधनांकडून प्रश्नांचा कच्चा मसुदा जरूर करून घ्यावा, पण मुलांसमोर जाण्याआधी त्यातली ओळ न् ओळ शिक्षकांनी वाचलेली असावी. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वर्ग बाईंचा आहे. आपण तिथे मदतनीस म्हणून जातो. काय वापरायचं आणि काय नाही, हे त्याच ठरवतील.

हे सरकारचं काम आहे, आपण का करायचं, असं काही मित्र विचारतात. ते सरकारचं काम आहेच. संगणक शिक्षक, दुरुस्तीचा निधी, माहिती भरण्यासाठी वेगळा माणूस, उर्दू शाळांतली रिक्त पदं यासाठी आपण भांडलंच पाहिजे, आणि भांडण्याची जागा कायद्यानं दिलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. किती ठिकाणी ही समिती सह्यांपुरती उरली आहे, ते जाऊन बघा. पण जो दर शनिवारी शाळेत जातो, त्यालाच नेमकं काय मागायचं ते कळतं. 'शाळा डिजिटल करा' ही मागणी टॅबवर संपते. 'आठवड्यातून दोन दिवस माहिती भरणारा लिपिक द्या' ही मागणी बाईंना वर्गात परत आणते.

१८५६ साली आजारपणामुळे नायगावला राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्यात आहे. फातिमा शेख यांचं नाव आपण अभिमानानं घेतो, पोस्टरवर लावतो. त्या पत्रातला हा उल्लेख मात्र एका शिक्षिकेवर पडलेल्या कामाच्या भाराचा आहे. आजही आपल्या शाळांत कुरकुर न करता तो भार ओढणाऱ्या फातिमा आहेत. त्यांचा सत्कार करून झाला असेल, तर आता भारातला थोडा वाटा उचलू.

जकातीचा हिशेब आपल्याला लहानपणापासून पाठ असतो: अडीच टक्के. आठवड्याचे तास १६८. त्याचे अडीच टक्के म्हणजे चार तास बारा मिनिटं. हा काही फतवा नाही, एका इंजिनिअरचा हिशेब आहे. पैशाची जकात आपण देतो. ज्यांना शिक्षणानं महिन्याचा पगार आणि एसी ऑफिस मिळवून दिलं, त्यांच्यावर वेळेचीही काही बाकी निघते. एका शाळेतल्या एका शिक्षिकेसोबत निदान एक वर्ष काम करा. दहा शाळांत एकेकदा जाण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

येत्या शनिवारी जवळच्या शाळेत जा. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घ्या. सोबत टॅब, बॅनर, फोटोग्राफर काही नेऊ नका. बाईंना एवढंच विचारा, 'तुमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?' आणि त्या बोलायला लागल्या की मध्ये उपाय सुचवू नका. आधी सगळं ऐकून घ्या.