चालू आहे का, ते आधी विचारा!

पुण्यात दर रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, हे आपल्या कॉलेजात कोणाला सांगायला नको. पितळी कुलपं, बंद घड्याळं, नळाच्या तोट्या, एकाच पायाचा बूट... काय वाट्टेल ते मिळतं! आमच्या फ्लॅटची निम्मी सजावट तिथलीच. याला हल्ली ‘अपसायकलिंग’ म्हणतात. (आज्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या तेव्हा त्याला असं भारी नाव नव्हतं. असो.)

मागच्या सेमिस्टरला आम्हाला स्टडी टेबल हवं होतं. शिलाई मशीनच्या बिडाच्या पायांवर फळी टाकलेली टेबलं कॅफेमध्ये पाहिली होती, तेच डोक्यात. बाजारात एक अख्खी पायमशीन दिसली. दुकानदार म्हणाला, "ताई, वरची मशीन पण घ्या, चालू आहे." मी म्हटलं, "नको, फक्त पाय द्या." त्याने माझ्यासमोर स्क्रू काढून दोन्ही वेगळे केले. पायांना काळा रंग मारला, वर प्लाय ठोकला. टेबल एकदम झकास!

मग आजी आली. टेबलाशी बसली आणि तिचे पाय आपोआप पायडलवर गेले. चाक फिरायला लागलं. "अगं, ह्याची मशीन कुठाय?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. नुसती पाय हलवत राहिली. फॉल-बिडिंग आणि ब्लाउज शिवून तिने आईची फी भरलेली आहे, हे मला माहीत होतं हो. पण बाजारात ते आठवलं नाही.

आणि मी मेकॅनिकलची! पायडल हलतं, दांडा चाक फिरवतो, हे क्रँक-रॉकर मेकॅनिझम मी सबमिशनला सुबक काढलं होतं. डेड सेंटरला अडकलं की वरचं चाक हाताने जरा ढकलायचं, पुढचं जड चाक निभावून नेतं. विजेची गरजच नाही. असं यंत्र मी शोभेसाठी मोडलं.

माझी रूममेट म्हणते, आता पायमशीन कोण चालवतं? नाहीतर ती भट्टीतच गेली असती. मला हे अर्धंच पटतं. बीड वितळवायला बाराशे अंशांच्या आसपास तापवावं लागतं, त्यापेक्षा टेबल बरं, कबूल. पण मोडलेल्या वस्तूचं टेबल करणं वेगळं आणि टेबलासाठी चालू वस्तू मोडणं वेगळं. फुटक्या फरशा, खिळखिळ्या खिडक्या, बंद रेडिओ घ्या ना! त्यांना खुशाल रंगवा.

पुढच्या बुधवारी लेक्चर बुडवून परत गेले. मशीन तिथेच पडली होती. "पायांशिवाय कोण घेणार ताई?" दुकानदार म्हणाला. घेतली. सध्या ती टेबलाखाली पिशवीत आहे. प्लायला भोक पाडून बसवायची आहे. कोणाकडे जिगसॉ असेल तर प्लीज सांगा, आजी दिवाळीला येतेय.