गच्चीवरून ऐकू येणारी विमाने

आमच्या मातुःश्रींनी नव्वदीचा उंबरठा गाठला आहे. नात लंडनला जावयास निघाली की विमान अहमदाबादेहून उडण्याची वेळ त्या भिंतीवरच्या घड्याळात पाहून ठेवतात आणि मग दर पंधरा मिनिटांनी विचारतात, "आता कुठवर गेली असेल रे?" या प्रश्नाला 'गेली असेल कच्छाच्या वर' असे ठोकून देण्याची आमची जुनी पद्धत होती. २०२४ च्या दिवाळीत पुतण्या आठ दिवस राहावयास आला आणि म्हणाला, "काका, अंदाज कशाला? विमान स्वतःच सांगत असते. आपण ऐकायचे."

विमान सांगते ते असे. त्याच्या पोटातील ट्रान्सपाँडर नावाचे यंत्र १०९० मेगाहर्ट्झच्या लहरींवर सतत छोटे छोटे संदेश सोडीत असते. प्रत्येक संदेश ११२ बिटांचा, आणि तो सांगून होण्यास सेकंदाचा सुमारे आठ हजारावा भागच लागतो. त्यात विमानाचा कायमचा ओळखक्रमांक असतो, आणि स्थान, उंची, वेग, उड्डाणाचे नाव ही माहिती निरनिराळ्या संदेशांत वाटून दिलेली असते. स्थान तर सेकंदातून दोनदा कळविले जाते. या बोलण्याला कुलूप नाही. ज्याच्यापाशी कान आहे त्याने ऐकावे.

कान स्वस्त झाला तो २०१२ पासून. संगणकावर दूरचित्रवाणी पाहण्यासाठी अंगठ्याएवढी 'डाँगल' मिळे. तिच्यातील चिप, थोडे वळण लावले तर, वाटेल त्या लहरी कच्च्या स्वरूपात संगणकाच्या हवाली करते, असे हौशी मंडळींच्या तेव्हा ध्यानात आले. त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला केंब्रिजच्या मंडळींनी 'रास्पबेरी पाय' हा पत्त्याच्या कॅटएवढा, एकाच पट्टीवर मांडलेला संगणक विकावयास काढला. हेतू हा की शाळकरी मुलांनी त्यावर प्रोग्रॅमिंग शिकावे. आणि साल्वातोरे सानफिलिप्पो या सिसिलीच्या गृहस्थांनी 'डम्प१०९०' ही आज्ञावली लिहून सर्वांस मोफत दिली. ती लहरींच्या त्या गलक्यातून विमानांचे संदेश नेमके वेचून काढते. तिघांची गाठ पडली आणि जे पूर्वी विमानतळावरच शक्य होते त्यातले बरेचसे घराच्या माळ्यावर होऊ लागले.

मांडणीचा क्रम कागदावर सोपा आहे. मेमरी कार्डावर रास्पबेरी पायची मूळ प्रणाली उतरवावी. तिची 'लाइट' आवृत्ती पुरते, कारण हा संगणक जिन्याच्या कोनाड्यात बसणार, त्याला ना पडदा ना कळफलक. कार्ड लिहितानाच घरच्या वायफायचे नाव, परवलीचा शब्द आणि दुरून हुकूम देण्याची 'एसएसएच' ही सोय भरून ठेवावी. मग डम्प१०९० किंवा तिच्याच वंशातील 'रीडएसबी' बसवावी, आपल्या गच्चीचे अक्षांश-रेखांश द्यावेत, आणि घरातील कोणत्याही मोबाइलवर नकाशा उघडावा.

आमचा नकाशा उघडला, पण विमान एकही नाही. डाँगल तर जोडलेली! दोन तास गेल्यावर उलगडा झाला. डाँगल मुळात दूरचित्रवाणीची. ती लावताच संगणकाने तिला टीव्ही समजून आपल्या ताब्यात घेतले होते आणि आमच्या आज्ञावलीला तो हात लावू देत नव्हता. टीव्हीच्या त्या चालकाचे नाव काळ्या यादीत घालून संगणक पुन्हा सुरू केला, तेव्हा पहिली ओळ उमटली. ओळखक्रमांकाचा आरंभ ८० ने होता, म्हणजे विमान भारतात नोंदलेले. मातुःश्रींना बोलावून दाखविले. त्या म्हणाल्या, "यात माणसे कुठे दिसतात?"

दुसरी अडचण वीजपुरवठ्याची. जुन्या मोबाइलचा चार्जर लावल्यामुळे संगणक अधूनमधून गपकन बंद पडे. पुरेशा शक्तीचा, त्याच्यासाठीच केलेला ॲडॉप्टर घ्यावा, येथे काटकसर करू नये. आणि वीज अवचित गेली तर मेमरी कार्डावरचा मजकूर बिघडण्याची भीती असते, म्हणून तयार कार्डाची एक प्रत काढून ठेवावी.

एरियलची कथा मात्र निराळी. या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर. तिचा चौथा हिस्सा सात सेंटिमीटरांस थोडा कमी. डाँगलबरोबर आलेली कांडी तेवढी कापून आम्ही ती एका जुन्या लोखंडी तव्यावर उभी केली. (तवा सौभाग्यवतींचा, परवानगी नंतर घेतली.) खिडकीत ठेवले तेव्हा चार-पाच विमाने दिसत. तीच कांडी, तोच तवा दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर नेला, आणि मुंबई-दिल्ली मार्गावरील वर्दळ नकाशावर मुंग्यांच्या रांगेसारखी दिसू लागली. आज्ञावलीत कितीही फेरफार केले असते तरी हा लाभ झाला नसता. एक ध्यानात ठेवावे: एरियलपासून येणारी बारीक तार जितकी लांब तितका आवाज वाटेतच विरतो. म्हणून डाँगल व संगणक वरच, एरियलच्या निकट ठेवावे आणि खाली यावे ते वायफायने.

पुढे तव्याच्या जागी पाइपवर नीट एरियल चढविले. मग आले उत्तरायण. बडोद्याच्या गच्च्यांवर १४ आणि १५ जानेवारीला काय चालते ते येथल्या वाचकांस सांगणे नको. तिसऱ्या प्रहरी कोणाची तरी कापलेली पतंग पाइपाला अडकली, पोरांनी मांजा ओढला आणि एरियल आडवे झाले. दोन दिवस आकाश पतंगांनी भरलेले आणि नकाशा रिकामा!

या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. पस्तीस हजार फुटांवरचे विमान हिशेबाने चारशे किलोमीटरांवरूनही ऐकू यावे. आम्हाला ते जामनगरपर्यंत पोहोचते, पुढे नकाशावरून पुसले जाते. पहिल्यांदा नात निघाली आणि तिचे विमान असे पुसले गेले तेव्हा घरात क्षणभर शांतता पसरली होती. मी क्षितिजाची आकृती काढून दाखविली. उलट बाजूही तशीच. अहमदाबादचा विमानतळ आमच्यापासून सरळ रेषेत शंभर किलोमीटर. तेथून उडालेले विमान दीड हजार फुटांच्या आसपास चढेपर्यंत आमच्या क्षितिजाखालीच असते; म्हणून तिकडची विमाने आमच्या नकाशावर आकाशातच जन्मल्यासारखी एकदम उगवतात.

१२ जून २०२५ च्या दुपारी एक वाजून अडतीस मिनिटांनी अहमदाबादेहून लंडनकडे निघालेले एअर इंडियाचे विमान मिनिटाच्या आत कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ माणसे गेली, जमिनीवरचीही गेली. बातमी दूरचित्रवाणीवर आली तेव्हा आम्ही जेवून उठलो होतो. नात तेव्हा लंडनलाच होती. तरीही मातुःश्रींनी विचारले, "तुझ्या यंत्रात आले होते का रे ते?" मी जिना चढून गेलो, नोंदी पाहिल्या. त्याची एक ओळही नव्हती. असण्याचे कारणच नव्हते. ते आमच्या क्षितिजावर कधी आलेच नाही.

त्याचा अखेरचा संदेश ६२५ फुटांवरचा होता, असे फ्लाइटरडार२४ या संस्थेने जाहीर केले. हा आकडा हवेच्या दाबावरून मोजलेला, समुद्रसपाटीच्या हिशेबाचा. विमानतळच सुमारे दोनशे फुटांवर असल्याने जमिनीपासूनची उंची त्याहून पुष्कळ कमी. एवढ्या खालचा संदेश विमानतळाच्या आसपासचेच यंत्र टिपू शकते. अशा संस्थांचे नकाशे मुख्यतः ठिकठिकाणच्या अशाच यंत्रांच्या जाळ्यातून विणलेले असतात. त्यांतली पुष्कळशी हौशी माणसांच्या घरी असतात. मोबाइलवर सारे दिसत असता हा खटाटोप कशाला, असे मला विचारणारे स्नेही आहेत. मोबाइलवर ते येते कोठून, एवढेच त्यांना सांगतो. त्या जूनपर्यंत आमचे यंत्र घरापुरतेच होते. त्याच आठवड्यात पुतण्याकडून फोनवर समजून घेऊन मी त्याचे संदेश त्या जाळ्यात सोडू लागलो. मोबदल्यात संस्थेची एरवी पैसे पडणारी सेवा मोफत मिळते. मातुःश्रींना आता जामनगरच्या पुढचेही दाखविता येते.

शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीमुळे उत्तरेची बाजू अजून थोडी झाकली जाते. पाइप आणखी चार फूट उंचावणार आहे. येत्या उत्तरायणाआधी तो उतरवून ठेवायचा आहे, आणि नात परतीला निघेल त्याच्या आत पुन्हा चढवायचा, हे पुतण्याला आताच कळवून ठेवले आहे.